फोडणीचा हूड आणि लाकडाची शेगडी

व्हरमाँटमध्ये, मिनेसोटात किंवा ऑन्टारिओत नवं घर बांधायला घेतलं की आपल्या लोकांच्या यादीत दोन गोष्टी हटकून येतात. बैठकीत लाकडाची शेगडी, म्हणजे तिथला वुड स्टोव्ह. आणि स्वयंपाकघरात चांगला दणकट हूड, म्हणजे चुलीवरचा धूर-वास ओढून घराबाहेर फेकणारा पंखा. शेगडी कडाक्याच्या थंडीसाठी, बर्फाच्या वादळात वीज गेली तर आधार म्हणून, आणि खरं सांगायचं तर ज्वाळांकडे बघत बसायला. हूड फोडणीसाठी. मिरचीचा खकाणा बंद घरात एकदा पसरला की सोफ्यापासून दारामागच्या कोटांपर्यंत सगळीकडे वास राहतो, हे तिथे राहणाऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. दोन्ही वस्तू वेगळ्या दुकानांतून येतात, वेगळी माणसं बसवतात, आणि त्या एकमेकींच्या वाटेत येतात हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही.

शेगडीच्या दुकानात मात्र एक प्रश्न नक्की विचारतात: आउटसाइड एअर किट घालायचं का? म्हणजे शेगडीच्या मागून किंवा बुडातून एक नळी भिंतीबाहेर काढायची आणि जळायला लागणारी हवा घरातून न घेता थेट बाहेरून घ्यायची. यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक गट म्हणतो, नळी नसेल तर शेगडी गुदमरेल. दुसरा म्हणतो, पैसे पाण्यात. आकडे मांडून बघितले तर पहिल्यांची भीती भलत्याच ठिकाणी आहे असं दिसतं, आणि दुसऱ्यांचा निर्धास्तपणाही फारसा टिकत नाही.

आधी शेगडीची भूक किती ते पाहू. एक किलो कोरडं लाकूड पूर्ण जळायला कागदोपत्री साधारण ६ किलो हवा लागते. प्रत्यक्षात वायूच्या प्रत्येक कणाला वेळेवर ऑक्सिजन भेटत नाही, म्हणून त्याच्या दीडपट-दुप्पट हवा आत जाते. १० किलो धरा. खोलीच्या तापमानाला एक घनमीटर हवेचं वजन १.२ किलो, म्हणजे किलोभर लाकडामागे ८ घनमीटरच्या आसपास हवा. काचेचं दार घट्ट बंद होणारी आजची मध्यम शेगडी भरात असताना तासाला दोन-तीन किलो लाकूड खाते. सढळ हाताने हिशेब केला तरी तासाला ३० घनमीटर हवा पुरते. तिकडच्या मापात १७-१८ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट. न्हाणीघरातला साधा पंखा ५० सीएफएमचा असतो. कपडे वाळवायचा ड्रायर दीडशेच्या घरात जातो. घरातली ही सगळी यंत्रं हवा खाणारी आहेत, आणि शेगडी त्यांतली सर्वांत अल्पाहारी.

उघड्या तोंडाची जुनी विटांची फायरप्लेस ही वेगळी जात आहे. ती तासाला पाचशे-सहाशे घनमीटर आणि त्याहूनही जास्त हवा धुराड्यातून बाहेर फेकते, त्यातली बहुतेक न जळताच. शेगडी गुदमरते ही समजूत बहुधा तिथूनच आली असावी. इथे बोलणं बंद दाराच्या शेगडीबद्दल चाललंय.

आता ही हवा ओढतं कोण? शेगडीला पंखा नसतो. धुराड्यातला धूर गरम, म्हणून हलका. बाहेरची हवा थंड, म्हणून जड. त्या फरकामुळे धुराड्याच्या तळाशी किंचित कमी दाब तयार होतो आणि खोलीतली हवा शेगडीत शिरते. यालाच धुराड्याची ओढ म्हणतात. सहा मीटर उंच धुराडं, आतल्या धुराचं सरासरी तापमान २०० अंश सेल्सिअस, बाहेर शून्य अंश, असं धरलं तर ही ओढ गणिताने ३२ पास्कल येते. वळणं आणि घर्षण वजा जाता हातात त्याहून कमीच राहते. युरोपात शेगड्यांची चाचणी १२ पास्कल ओढीवर घेतली जाते. एक पास्कल म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजला तर मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणजे शेगडीचा सगळा संसार एक-दोन मिलिमीटर पाण्याएवढ्या दाबावर चालतो. इतक्या तोकड्या भांडवलावर चालणाऱ्या गोष्टीला कुणीही धक्का देऊ शकतं.

धक्का देणारं पहिलं कोण, तर खुद्द घर. हिवाळ्यात तापवलेलं घर हेच एक बुटकं, रुंद धुराडं असतं. गरम हवा वरच्या मजल्याच्या फटींतून निसटते, तिची जागा घ्यायला खालच्या फटींतून थंड हवा आत येते. दुमजली घर, आत २० अंश, बाहेर उणे १०. तळमजल्यापासून छतापर्यंतचा एकूण फरक ८ पास्कल निघतो. त्यातला निम्मा खाली उण्या बाजूला, निम्मा वर अधिक बाजूला. म्हणजे तळघरात ठेवलेल्या शेगडीला रोज सकाळी ४ पास्कलच्या कर्जातूनच सुरुवात करावी लागते. त्यात धुराडं घराबाहेरच्या भिंतीला लागून वर गेलेलं असेल तर ते रात्रभर गारठतं, ओढ शून्यावर येते, आणि घरच त्या धुराड्यातून हवा खाली खेचू लागतं. सकाळी शेगडीचं दार उघडताच थंड, काजळीच्या वासाचा झोत तोंडावर येतो तो यामुळे. अशा शेगडीत काडी ओढली की धूर वर न जाता सरळ खोलीत येतो, आणि शेगडी बनवणाऱ्याला शिव्या बसतात.

दुसरा धक्का पंख्यांचा. इथे घर किती हवाबंद आहे यावर सगळं ठरतं. ते मोजायची पद्धत मजेशीर आहे: पुढच्या दाराच्या चौकटीत कापडाचा पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात, घरातली हवा बाहेर काढत आत-बाहेर ५० पास्कलचा फरक आणतात, आणि तेवढा फरक टिकवायला तासाला किती हवा उपसावी लागली ते पाहतात. घरातली सगळी हवा तासात तीनदा बदलण्याएवढी गळती निघाली तर ते घर "तीन"चं. अमेरिकेच्या घरबांधणीच्या नमुना नियमावलीच्या २०१२च्या आवृत्तीत थंड भागांतल्या नव्या घरांना हीच तीनची मर्यादा घातली. कॅनडातल्या आर-२००० या ऊर्जाबचतीच्या मानकाने बांधलेल्या घरांना दीड. पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणारं घर, म्हणवून घ्यायचं तर ०.६. उलट जुन्या लाकडी घरांत दहा-बारा आकडा सहज निघतो.

तीनच्या, दोन हजार चौरस फुटांच्या घराचा हिशेब करून पाहू. आतली हवा साधारण ५०० घनमीटर. सगळी दारं-खिडक्या लावून फक्त शेगडी पेटवली, ३० घनमीटरची, तर घरातला दाब किती घसरतो? ०.१२ पास्कल. शब्दशः नगण्य. शेगडी गुदमरते वगैरे काही नाही. नव्या घराच्या फटींतूनही तिच्यापुरती हवा आरामात येते. ०.६च्या पॅसिव्ह घरातसुद्धा हा आकडा दीड पास्कलच्या खालीच राहतो.

आता त्याच तीनच्या घरात फोडणीसाठी घेतलेला ६०० सीएफएमचा हूड पूर्ण जोरात लावा. तासाला हजार घनमीटरहून जास्त हवा बाहेर. दाब २७-२८ पास्कलने घसरतो. प्रत्यक्षात एवढ्या विरोधात पंखा थोडी कमी हवा ओढेल, तरी वीसच्या पुढे जाणार हे नक्की. धुराड्याची ओढ भरात असताना जेमतेम तेवढी असते. सोबत ड्रायर चालू असेल तर गणित चाळिशीच्या जवळ पोचतं. हाच हूड बाराच्या जुन्या घरात लावला तर फरक पडतो फक्त तीन-साडेतीन पास्कलचा. म्हणून जुन्या घरात वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली शेगडी नव्या घरात आणून बसवली की धूर ओकायला लागते.

शेजाऱ्याने पालिकेच्या नळाला थेट मोटर लावली की आपल्या नळाची धार तुटते, आणि लाइनीत फट असली तर गटाराचं पाणीही आत ओढलं जातं; तसा हा प्रकार आहे. हूडला हवा हवी असते, कुठून ते त्याला कळत नाही. घट्ट घरात सर्वांत मोठं आयतं भोक म्हणजे धुराडं. तो तिथून ओढतो, आणि हवेबरोबर धूरही येतो.

धूर आला तर निदान कळतं तरी. खरी भीती रात्रीच्या निखाऱ्यांची. ज्वाळा असतात तेव्हा धुराडं तापलेलं असतं, ओढ दमदार असते. झोपायच्या वेळी लाकडाचा कोळसा झालेला असतो, धुराडं निवत चाललेलं असतं आणि ओढ पाच-सात पास्कलवर उतरते. निखारे धूर करत नाहीत. ते कार्बन मोनॉक्साइड करतात, ज्याला ना रंग ना वास. त्या वेळी कुणी ड्रायर लावून झोपायला गेलं, किंवा रात्री अकराला अंडा भुर्जी करायची लहर येऊन हूड लागला, तर धुराडं उलटायला तेवढं पुरेसं होऊ शकतं. खोलीत काही दिसणार नाही. डोकं दुखेल, मळमळेल, आणि माणूस म्हणेल दमलोय, पडतो जरा. शेगडी असलेल्या घरात प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, यावर मी तरी वाद घालणार नाही.

मग बाहेरून आणलेली नळी यात काय करते? अर्धं काम करते. शेगडीला थेट जोडलेली असेल तर आगीला घराच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. दार बंद असताना नळी, आग आणि धुराडं मिळून जवळजवळ स्वतंत्र मार्ग होतो. "जवळजवळ" यासाठी, की साधी शेगडी पूर्ण हवाबंद नसते. दार घट्ट बसवणारी दोरी झिजलेली असते, राखेच्या कप्प्याला फट असते, काच काळी पडू नये म्हणून तिच्यावरून हवा सोडणारी भोकं कधीकधी खोलीतूनच हवा घेतात. हूडने खोलीत २० पास्कलची तूट केली की याच फटींतून धूर आणि वायू बाहेर येतो. आणि लाकूड घालायला दार उघडलं त्या क्षणी नळीचा उपयोग संपला. आता आग खोलीचाच भाग आहे.

नळी शेगडीला न जोडता नुसती जवळ सोडून द्यायची, असाही एक प्रकार आहे. घराला हवा मिळाली म्हणजे झालं, असा त्यामागचा विचार. चार इंची भोकातून ४ पास्कलच्या फरकाला किती हवा येते? तासाला ४०-४५ घनमीटर. जाळी आणि वळणं धरली तर त्याहून कमी. शेगडीला पुरेशी, पण हजार घनमीटर ओढणाऱ्या हूडपुढे काहीच नाही. शिवाय हे भोक आपल्या बाजूने हवा आत ढकलत नाही. दाबाचा फरक असेल त्या दिशेला हवा जाते. वारा उलटा असेल तर घरातली गरम हवा तिथूनच बाहेर.

जर्मनीत हा प्रश्न मुळापासून धरलाय. तिथे खोलीच्या हवेवर अवलंबून नसलेल्या शेगड्यांची वेगळी चाचणी होते आणि त्यांना वेगळी मान्यता मिळते. साध्या शेगडीला मागून नळी जोडली म्हणून ती त्या वर्गात बसत नाही. खोलीतून हवा घेणारी शेगडी आणि बाहेर हवा फेकणारा हूड एकाच घरात असतील तर घरातली तूट ४ पास्कलच्या वर जाऊ द्यायची नाही. त्यासाठी दाब मोजणारा स्विच असतो, तो तूट वाढली की हूडची वीजच तोडतो. किंवा खिडकीला स्विच: खिडकी उघडी नसेल तर हूड लागतच नाही. हे सगळं तपासायला धुराडी साफ करणारा अधिकृत माणूस येतो आणि त्याच्या सहीशिवाय शेगडी पेटवता येत नाही. थोडं जाचक वाटतं, पण प्रश्न शेगडीचा नसून पंख्याचा आहे हे त्यांनी नेमकं ओळखलंय.

इंग्लंडची रीत साधी, भिंतीतल्या झरोक्याची. गळक्या जुन्या घरात ५ किलोवॅटपर्यंतच्या शेगडीला वेगळा झरोका लागत नाही, त्यापुढच्या प्रत्येक किलोवॅटमागे ५५० चौरस मिलिमीटर उघडं तोंड. नव्या घट्ट घरात पहिल्याच किलोवॅटपासून तेवढं. अमेरिकेत कारखान्यात बनून ट्रकवर येणाऱ्या घरांना, ज्यांना लोक अजून मोबाइल होम म्हणतात, केंद्र सरकारच्या नियमाने बाहेरची हवा थेट आगीच्या कप्प्यात आणणं सक्तीचं आहे. वॉशिंग्टन राज्यातही नव्या शेगड्यांना ती लागते. बाकी ठिकाणी स्थानिक निरीक्षक आणि शेगडीबरोबर आलेली पुस्तिका काय म्हणते ते पाहायचं. पुस्तिकेत लिहिलं असेल तर तोच नियम.

बाहेरच्या थंड हवेने आग गार पडते, ही तक्रार फुगवलेली आहे. उणे २० अंशांची हवा २० अंशांवर आणायला किलोभर लाकडामागे ०.११ किलोवॅट-तास उष्णता लागते. त्या किलोतून मिळतात चारच्या आसपास. तीन टक्के, आणि तेही काही जास्तीचे नाहीत, कारण नळी नसती तर तीच हवा फटींतून आत येऊन खोलीत तापली असती. उलट नळीमुळे लाकडाची मोठी बचत होते, ही जाहिरातही तितकीच फुगवलेली. खरा फायदा एवढाच की खिडकीजवळ बसलेल्याच्या पायांना झुळूक लागत नाही.

नळी बसवायची ठरली तर काही गोष्टींत तडजोड नको. बाहेरचं तोंड आगीच्या कप्प्यापेक्षा वर नको. वर नेलेली नळी हीच दुसरं धुराडं होऊ शकते, आणि ओढ उलटली तर गरम वायू तिच्यातून बाहेर पडतात. लाकडी भिंतीच्या आत हे घडलं तर आगीला आमंत्रण. म्हणून नळी धातूचीच हवी, प्लास्टिकची नाही, आणि जळणाऱ्या वस्तूंपासून दूर. माळ्यावरून हवा घ्यायची नाही, कारण तो उंचावर असतो. गॅरेजमधून तर नाहीच. गाडीचा धूर आणि पेट्रोलची वाफ आगीत कशाला? तोंड बर्फाच्या थराच्या वर येईल इतकं उंच, उंदीर शिरणार नाहीत अशी जाळी, आणि शक्यतो वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला. वाऱ्याच्या आडोशाच्या भिंतीवर दाब घटतो आणि तिथली नळी आगीतून उलटी हवा खेचू पाहते. खोलीतून जाणाऱ्या नळीच्या तुकड्याला न जळणारी खनिज लोकर गुंडाळा, नाहीतर थंडीत तिच्यावर दव जमून खालची फळी कुजते.

हे सगळं करण्याआधी एक चाचणी घरीच करता येते आणि तिचं साहित्य प्रत्येक मराठी घरात असतं. शेगडी थंड असताना सगळ्या खिडक्या-दारं लावा. हूड पूर्ण जोरात, न्हाणीघरांचे पंखे, ड्रायर, सगळं एकदम सुरू करा. मग शेगडीचं दार उघडून तोंडाशी उदबत्ती धरा. धुराची रेघ आत वळली तर बरंच ठीक. सरळ उभी राहिली तर काठावर पास. तुमच्या तोंडावर आली तर घर धुराड्यापेक्षा बलवान आहे. आता एकेक पंखा बंद करत जा, गुन्हेगार सापडेल. बहुतेक वेळा तो स्वयंपाकघरात असतो.

पेटलेली शेगडी धूर ओकत असेल तर शेजारची, खालच्या मजल्यावरची खिडकी दोन बोटं उघडून पाहा. लगेच आगीने जोर धरला तर घरात हवेची तूट होती. काहीच फरक पडला नाही तर दोष दुसरीकडे: ओलं लाकूड (ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा), काजळीने अडलेली धुराड्याची टोपी, किंवा छपरापेक्षा पुरेसं उंच नसलेलं धुराडं. वरच्या मजल्यावरची खिडकी मात्र उघडू नका. धूर घालवायला माणूस आधी तीच उघडतो, आणि तिच्यातून गरम हवा आणखी जोरात निघून जाऊन खालची तूट वाढते.

माझं मत विचाराल तर: दहा-बाराच्या जुन्या घरात नळीवर खर्च करू नये. तीनच्या किंवा त्याहून घट्ट नव्या घरात बांधकाम सुरू असतानाच घालून घ्यावी, भिंत नंतर फोडणं जिवावर येतं. पण नळी आणि हूडने बाहेर फेकलेल्या हवेची भरपाई, यांपैकी एकच करायला पैसे असतील, तर ते आधी भरपाईवर घालावेत. अमेरिकी नमुना नियमावली ४०० सीएफएमपेक्षा मोठ्या हूडला, घरात धुराड्याच्या ओढीवर चालणारं काही असेल तर, ही भरपाई मागतेच: हूड लागला की आपोआप उघडणारी झडप आणि तिच्यातून तेवढीच हवा आत. उणे वीसमध्ये ही हवा तापवून आणायला हीटरही लागतो, आणि कंत्राटदार हा खर्च अंदाजपत्रकातून हळूच गाळतात, तेव्हा विचारून घ्या. किंवा हूडच लहान घ्या, चूल भिंतीला लावा आणि हूड चुलीचे चारही बर्नर नीट झाकेल एवढा रुंद निवडा. ३०० सीएफएममध्येही फोडणी आवरते. त्याच तीनच्या घरात एवढ्या हूडने दाब नऊ-साडेनऊ पास्कलने घसरतो. शेगडी पेटलेली असताना मिरच्या तळायच्याच असतील, तर खालची एक खिडकी उघडी ठेवूनच.